गाठीला रक्त कोण पुरवते?

मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग हा विषय हाती घेतला की दोन विधाने हमखास भेटतात. एक, गाठीला वाढायचे तर रक्त लागते आणि त्यासाठी ती नव्या रक्तवाहिन्या उगवून घेते. दुसरे, रक्तातल्या पांढऱ्या पेशी शरीराचे रक्षण करतात आणि जमेल तेव्हा कर्करोगालाही आवर घालतात. दोन्हींत तथ्य आहे. पण ती ज्या रीतीने मांडली जातात त्यातून वाचकाच्या मनात एक चित्र पक्के बसते: रक्तवाहिन्या हा गाठीचा कारभार, प्रतिकारशक्ती हा शरीराचा, आणि दोघे समोरासमोर येतात ते फक्त लढाईत. पाठ्यपुस्तकांतही ही दोन प्रकरणे बरीच पाने सोडून येतात. या प्रस्तावनेचे म्हणणे वेगळे आहे. आतड्याच्या कर्करोगात नव्या रक्तवाहिन्या उभारण्याच्या कामाचा मोठा वाटा प्रतिकारक पेशीच उचलतात, आणि तो काही फितूर होऊन नव्हे. जखम भरून काढण्याचे जे काम त्यांना उपजत येते तेच त्या इथे करत राहतात. हे मान्य केले, तर रक्तवाहिन्यांवरची औषधे काही महिन्यांचा लाभ देऊन का थांबतात, एकाच जातीची पेशी एका अहवालात रुग्णाच्या बाजूची आणि दुसऱ्यात विरोधातली का ठरते, आणि बहुतेक आतड्यांच्या गाठी इम्युनोथेरपीला दाद का देत नाहीत, हे तीन वेगळे वाटणारे प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसू लागतात.

या विचाराची मुळे जुनी आहेत. जर्मन वैद्य रूडॉल्फ फिर्खो यांनी १८६३ मध्ये गाठींच्या ऊतींत पांढऱ्या पेशी असल्याचे नोंदवले आणि जिथे दीर्घकाळ दाह चालतो तिथे कर्करोग उपजत असावा असा तर्क केला. एली मेच्निकॉफ यांनी १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला पाहिला. भक्षक पेशींची कल्पना तिथून आली. १९०८ चे नोबेल त्यांना पॉल एर्लिख यांच्यासोबत मिळाले. या प्रयोगाची आठवण नेहमी भक्षणासाठी काढली जाते. खरे तर त्या काट्यापाशी खाण्याजोगे फारसे काही नव्हते. तिथे होती ती इजा, आणि इजेकडे धाव घेणे हा या पेशींचा पहिला गुण. पुढच्या शंभर वर्षांत हा गुण काहीसा मागे पडला आणि शत्रूला मारणारी पेशी तेवढी पुढे आली.

रक्तवाहिन्यांची बाजू १९७१ मध्ये उघडली. बोस्टनचे शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी त्या वर्षी मांडले की नव्या रक्तवाहिन्यांवाचून गाठ एक-दोन मिलिमीटरपुढे जाऊ शकत नाही, तेव्हा वाहिन्यांची वाढ रोखणे हाच उपचार होऊ शकेल. हिशेब सरळ आहे: केशवाहिनीतून बाहेर पडलेला प्राणवायू ऊतीत साधारण १०० ते २०० मायक्रोमीटरच पोचतो, त्यापलीकडची पेशी गुदमरते. वाहिन्यांना वाढायला लावणारा पदार्थ नेमका कोणता, हे कळायला मात्र बराच काळ गेला. हॅरल्ड ड्वोरॅक यांच्या प्रयोगशाळेने १९८३ मध्ये रक्तवाहिन्या पाझरत्या करणारे एक प्रथिन ओळखले. १९८९ मध्ये जेनेन्टेक कंपनीतल्या नेपोलिओने फेरारा यांनी वाहिन्यांच्या पेशींची वाढ घडवणारे प्रथिन वेगळे काढले. आणि दोन्ही एकच निघाले. व्हीईजीएफ म्हणतात ते हेच. मधल्या काळात, १९८६ मध्ये, ड्वोरॅक यांनी एक लेख लिहून गाठींना न भरणाऱ्या जखमा म्हटले. कीर्ती फोकमन यांच्या वाट्याला आली आणि ती रास्तच होती. ड्वोरॅक यांचे वाक्य मात्र नुसते उद्धृत होत राहिले. औषधे शोधणाऱ्यांनी ते शब्दशः घेतले असते तर पुढची काही वर्षे वेगळी गेली असती, असे माझे मत आहे.

शब्दशः घ्यायचे म्हणजे काय? जखम होते तेव्हा पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल पोचतात. मागोमाग रक्तातले मोनोसाइट ऊतीत उतरून मॅक्रोफेज बनतात. ते जंतू आणि मेलेल्या पेशी उचलतात, आणि साफसफाई आटोक्यात आली की त्यांच्या कामाचे स्वरूप पालटते: ते वाढीची प्रथिने सोडू लागतात, आसपासच्या धडधाकट केशवाहिन्यांना फाटे फुटतात आणि ते जखमेच्या दिशेने सरकतात. भरत आलेल्या जखमेच्या तळाशी जो लाल, दाणेदार, कापूस लागताच रक्त येणारा भाग दिसतो तो म्हणजे या नव्या केशवाहिन्या आणि मॅक्रोफेज यांचीच दाटी. १९७५ मध्ये गिनीपिगांमधले मॅक्रोफेज मुद्दाम नाहीसे करून पाहिले तेव्हा जखमा साफही होईनात आणि नीट भरूनही येईनात. जखम भरली की हे सगळे आवरते. जादा वाहिन्या गळून पडतात, पेशी निघून जातात, मागे पांढरट वण राहतो. गाठीत आवरते घेण्याची वेळच येत नाही, कारण इजा थांबत नाही. मध्यभागी पेशी मरत राहतात, कडेने नव्या ऊतीत घुसखोरी चालू राहते, आणि दुरुस्तीला आलेल्या पेशींना जखम अजून उघडीच आहे असा निरोप रोज मिळतो.

आतड्यात हे जितक्या ठळकपणे घडते तितके क्वचितच दुसरीकडे घडत असेल. आतड्याचे अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते आणि दर चार-पाच दिवसांनी नवे होते. पलीकडे अब्जावधी जिवाणू, अलीकडे शरीरातला प्रतिकारक पेशींचा सर्वांत मोठा साठा. इथले मॅक्रोफेज बव्हंशी रक्तातून सतत येणाऱ्या मोनोसाइटांतून भरून काढले जातात, म्हणजे दुरुस्तीची यंत्रणा इथे बारा महिने चालू असते. अल्सरेटिव्ह कोलायटिस वर्षानुवर्षे असलेल्यांना कर्करोगाचा धोका वाढतो तो याच पार्श्वभूमीवर. ज्यांना असा कोणताही आजार नाही त्यांच्यातही पॉलिप वाढू लागले की अस्तराची वीण सैल होते आणि जिवाणूंचे अंश आत झिरपतात. उंदरांवरच्या २०१२ च्या प्रयोगांत या झिरपण्यातून आयएल-२३ आणि आयएल-१७ ही दाहाची प्रथिने वाढताना आणि त्यांनी गाठीला खतपाणी घालताना दिसले. त्याच वर्षी दोन स्वतंत्र गटांनी माणसांच्या आतड्यांच्या गाठींत फ्युजोबॅक्टेरियम हा एरवी तोंडात राहणारा जिवाणू सापडल्याचे नोंदवले. पुढच्याच वर्षी तो उंदरांच्या गाठींत मायलॉइड पेशी, म्हणजे मॅक्रोफेज-न्यूट्रोफिलांचे कूळ, ओढून आणतो हेही दिसले. जिवाणू, दाह आणि गाठ यांतले पहिले कोण हा वाद चालू राहील. आपल्या मुद्द्यापुरते एवढे पुरे की या गाठीला दुरुस्तीच्या पेशी बाहेरून मागवाव्या लागत नाहीत. त्या दाराशीच असतात.

आता काम जवळून पाहू. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा काही मायक्रोमीटर जाडीचा छेद घेऊन रक्तवाहिन्यांच्या अस्तराला तपकिरी रंग येईल अशी प्रक्रिया केली, की निरोगी आतड्यात बारीक, सारख्या अंतरावरची जाळी दिसते. गाठीत मात्र कुठे फुगलेल्या, कुठे चेपलेल्या, मध्येच संपणाऱ्या वाहिन्या आणि त्यांच्यामधून मोठाले ओसाड पट्टे. मॅक्रोफेज रंगवले तर ते या ओसाड, गुदमरलेल्या पट्ट्यांच्या कडेला गोळा झालेले आढळतात. प्राणवायू कमी पडला की पेशीतले एचआयएफ हे प्रथिन टिकून राहते आणि व्हीईजीएफसह अनेक जनुके चालू करते. पेशीला प्राणवायूची चाहूल कशी लागते हे उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा यांना २०१९ चे नोबेल मिळाले. मॅक्रोफेजही ही चाहूल घेतो आणि व्हीईजीएफ सोडतो. त्याहून महत्त्वाचे काम न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज यांच्या एमएमपी-९ या एन्झाइमचे. पेशींबाहेरच्या जाळीदार गाभ्यात व्हीईजीएफ चिकटून पडलेले असते. एमएमपी-९ तो गाभा कातरते आणि अडकलेले प्रथिन मोकळे होते. रक्तातल्या काही मोनोसाइटांवर टाय-२ नावाचा ग्राहक असतो; ते थेट वाहिनीला बिलगून बसतात आणि तिच्या फुटव्यांना आधार देतात. मास्ट पेशी हिस्टामिन आणि ट्रिप्टेज सोडून वाहिन्या सैल करतात.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. आतड्याच्या कर्करोगपेशी स्वतःच व्हीईजीएफ भरपूर बनवतात. सुमारे ४० टक्के गाठींत केरास जनुक बिघडलेले असते आणि तो बिघाड व्हीईजीएफचे उत्पादन वाढवतो. मग पांढऱ्या पेशींचे एवढे कौतुक कशाला? उत्तर असे की बनवणे आणि कामी लागणे यांत अंतर आहे. स्वादुपिंडाच्या गाठी होणाऱ्या उंदरांवरच्या २००० सालच्या प्रयोगात व्हीईजीएफ आधीपासून हजर होते, तरी वाहिन्या फुटेनात. एमएमपी-९ मुळे ते मोकळे झाले तेव्हाच फुटल्या. आणखी एक प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. २००८ मध्ये उंदरांच्या फक्त मायलॉइड पेशींतले व्हीईजीएफचे जनुक काढून टाकले. कर्करोगपेशींतले तसेच ठेवले. प्रतिकारक पेशींचा वाटा किरकोळ असता तर फरक पडायला नको होता. पडला तो असा की वाहिन्यांचा गुंता सुटला, त्या सरळ आणि नीटस झाल्या. मात्र गाठी मंदावण्याऐवजी जास्त वेगाने वाढल्या, आणि वर केमोथेरपीला अधिक बळी पडल्या. या निकालाने दोन्ही पक्षांची पंचाईत केली. गाठीच्या वाहिन्यांना जे ओळखीचे वेडेवाकडे रूप येते ते मायलॉइड पेशींच्या हातून येते, हे त्यातून स्पष्ट झाले. आणि त्या पेशींना बाजूला केले की गाठ उपाशी मरेल ही भाबडी आशाही त्याने मोडली.

माणसांवरच्या औषधांचा इतिहास या पार्श्वभूमीवर वाचायला हवा. व्हीईजीएफला पकडून ठेवणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, तेही सर्वप्रथम आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठीच. मंजुरीला आधार झालेल्या चाचणीत नुसत्या केमोथेरपीवर मध्यम आयुर्मान १५.६ महिने होते, बेव्हॅसिझुमॅब जोडल्यावर २०.३ महिने. फोकमन यांचे तीस वर्षांपूर्वीचे म्हणणे खरे ठरले आणि तो आनंद अनाठायी नव्हता. पण त्यानंतरची वाट चढणीची निघाली. अफ्लिबरसेप्टने १२.१ महिन्यांचे १३.५ केले, रॅमुसिरुमॅबने ११.७ चे १३.३, आणि सगळे उपचार थकलेल्या रुग्णांत रेगोराफेनिबने ५ महिन्यांचे ६.४. सर्वांत बुचकळ्यात टाकणारा निकाल वेगळाच होता. शस्त्रक्रियेने गाठ काढून टाकल्यावर ती परतू नये म्हणून बेव्हॅसिझुमॅब दिले तर लाभ व्हायलाच हवा, कारण मागे राहिलेल्या सूक्ष्म पेशीसमूहांनाच वाहिन्यांची गरज सर्वांत जास्त. दोन मोठ्या चाचण्यांत, २०११ आणि २०१२ मध्ये निकाल आले, तो लाभ मिळालाच नाही.

फेरारा यांच्याच गटाने या अडथळ्याचा शोध घेतला, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण. २००७ मध्ये त्यांनी दाखवले की उंदरांच्या ज्या गाठी व्हीईजीएफ-विरोधी प्रतिपिंडाला जुमानत नाहीत त्यांत विशिष्ट मायलॉइड पेशींची गर्दी असते. त्या पेशी बीव्ही-८ सारखी इतर प्रथिने सोडतात आणि व्हीईजीएफवाचून वाहिन्यांचे काम पुढे रेटतात. २०१३ मध्ये साखळीचा वरचा दुवाही हाती लागला: टी-पेशींचा एक प्रकार आयएल-१७ सोडतो, त्याने गाठीतल्या आधारपेशी जी-सीएसएफ बनवतात, आणि त्या हाकेला अस्थिमज्जेतून मायलॉइड पेशींची नवी तुकडी येते. हाच आयएल-१७ आपल्याला झिरपत्या अस्तरापाशी भेटला होता. जखमेत एका प्रथिनाची वाट बंद झाली म्हणून दुरुस्ती थांबली असती तर माणूस जात टिकली नसती. पर्यायी वाटा असणे हा या यंत्रणेचा स्वभाव आहे. एकच प्रथिन अडवणारे औषध त्या स्वभावापुढे काही महिने टिकते, यात नवल काही नाही.

दुसरा आक्षेप थेट आतड्याच्या कर्करोगातूनच येतो, आणि तो आमच्या म्हणण्याला सर्वांत मोठा धोका आहे. स्तनाच्या व इतर अनेक कर्करोगांत मॅक्रोफेज जास्त म्हणजे रुग्णाचे भवितव्य वाईट असे आढळते. आतड्यात मात्र स्वीडनमधल्या २००७ च्या एका अभ्यासात गाठीच्या पुढच्या कडेला मॅक्रोफेजची दाटी असलेले रुग्ण अधिक काळ जगले. न्यूट्रोफिलांबद्दलही आतड्याच्या गाठींत असे अनुकूल निष्कर्ष आले आहेत. वाहिन्या उभारून देणारी पेशी रुग्णाला जगवते कशी? बरीच वर्षे यावर एम-१ आणि एम-२ अशा दोन कप्प्यांचे उत्तर दिले जाई: चांगले मॅक्रोफेज आणि वाईट मॅक्रोफेज. प्रयोगशाळेच्या बशीत हे कप्पे छान दिसतात, रुग्णाच्या ऊतीत कोणी त्यांत बसत नाही. नेमके उत्तर २०२० मध्ये बीजिंगच्या झांग झेमिन यांच्या गटाकडून आले. आतड्याच्या गाठींतली एकेक पेशी सुटी करून तिची चालू जनुके वाचली तेव्हा मॅक्रोफेजच्या दोन ठळक अवस्था दिसल्या. एकीत सी१क्यूसी हे जनुक ठळक. ती पेशी मेलेले उचलते आणि टी-पेशींना परक्याची ओळख करून देते. दुसरीत एसपीपी१ ठळक. तिच्यात वाहिन्यांच्या वाढीची जनुके चालू. आणि उंदरांत मॅक्रोफेज नष्ट करण्याचे प्रचलित औषध, सीएसएफ-१ च्या ग्राहकाला अडवणारे, दिले तर पहिल्या प्रकारच्या पेशी घटतात, दुसऱ्या प्रकारच्या तगून राहतात. म्हणजे उपयोगी ते गेले आणि नको ते राहिले. स्वीडनमध्ये मोजल्या गेल्या त्या डोक्यांच्या संख्येत या दोन्ही अवस्था एकत्र होत्या. माझ्या मते या एका निष्कर्षाने मॅक्रोफेज किती आहेत हा प्रश्न जवळजवळ निकामी केला आणि ते कोणत्या कामावर आहेत हा प्रश्न त्याच्या जागी आणला.

उंदरांवरचे पुरावे माणसाला लागू पडतात का, ही शंका रास्त आहे. म्हणून २०२१ मध्ये ६२ रुग्णांच्या गाठींवर झालेला अमेरिकन अभ्यास महत्त्वाचा. त्यात कोणती पेशी कोणाच्या शेजारी आहे हेही पाहिले गेले. आतड्याच्या पोकळीला लागून असलेल्या बाजूला, जिथे ऊती उसवलेली आणि खराब झालेली असते, तिथे मायलॉइड पेशी ओढणाऱ्या संकेतांची दाटी होती. आणि डीएनएतल्या चुका दुरुस्त करण्याची यंत्रणा बिघडलेल्या, म्हणजे एमएसआय प्रकारच्या गाठींत, आतल्या भागात सक्रिय टी-पेशी आणि त्यांना बोलावणारे रसायन यांचे स्वतंत्र समूह होते. जखमेपाशी दुरुस्तीवाले, गाठीच्या पोटात मारेकरी. एकाच गाठीत, काही मिलिमीटरच्या अंतरावर, प्रतिकारशक्तीचे दोन कार्यक्रम शेजारी चालू असल्याचे चित्र याहून स्पष्ट मिळणे कठीण.

टी-पेशींचा उल्लेख आला, आणि इथून मुद्दा उलट्या दिशेने वळतो. प्रतिकारक पेशी वाहिन्या घडवतात, तशाच वाहिन्याही कोणत्या प्रतिकारक पेशींना आत घ्यायचे ते ठरवतात. टी-पेशीला रक्तातून ऊतीत उतरायचे तर वाहिनीच्या अस्तरावर तिला धरून ठेवणारी प्रथिने हवीत. व्हीईजीएफच्या माऱ्याखाली ती घटतात. गाठीच्या काही वाहिन्यांवर तर फास-लिगँड हे प्रथिन असते. त्याला अडखळणारी मारेकरी टी-पेशी तिथेच आत्मनाश पावते. व्हीईजीएफ डेंड्रिटिक पेशींना पक्व होऊ देत नाही, हे १९९६ मध्येच दिसले होते. आणि २०१५ मध्ये आतड्याच्या कर्करोगाच्या उंदरांत ते टी-पेशींवर पीडी-१ वाढवते, म्हणजे त्यांना लवकर थकवते, असेही आढळले. उलट बाजूने टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडतात तेव्हा वाहिन्यांची बेसुमार वाढ आवरते. २०१७ च्या उंदरांवरील अभ्यासात टी-पेशी सक्रिय केल्या तर वाहिन्या नीट झाल्या आणि टी-पेशी काढल्या तर बिघडल्या. जेरोम गॅलाँ यांच्या फ्रेंच गटाने २००६ मध्ये आतड्याच्या गाठीतल्या टी-पेशींची दाटी आणि जागा पाहून रुग्णाचे भवितव्य पारंपरिक टप्प्यांइतकेच, किंबहुना अधिक नेमके सांगता येते असे दाखवले. पुढे त्यातून इम्युनोस्कोर ही मोजपट्टी तयार झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या आंतरराष्ट्रीय पडताळणीत १३ देशांतले २,६८१ रुग्ण होते, आणि त्यात अहमदाबादच्या गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूटचा सहभाग होता. टी-पेशी आत पोचल्या की नाही हे मोजणारी ही पट्टी एका परीने वाहिन्यांचीही परीक्षा घेते, हे मात्र फारसे बोलले जात नाही.

अशा वेळी व्हीईजीएफ अडवण्याचा हेतूच बदलून पाहण्याची सूचना आयआयटी कानपूरमध्ये शिकलेल्या आणि पुढे बोस्टनमध्ये काम केलेल्या राकेश जैन यांनी केली. गाठीच्या पाझरत्या वाहिन्यांची अवस्था फुटक्या नळयोजनेसारखी असते: पाणी सोडले खूप, वाटेत गळाले, शेवटच्या घरी दाबच नाही. अशा योजनेचे पाइप तोडण्याऐवजी गळती बुजवली तर औषध, प्राणवायू आणि टी-पेशी तिन्ही आत पोचतील, असा त्यांचा तर्क. २००४ मध्ये गुदाशयाच्या कर्करोगाच्या सहा रुग्णांना बेव्हॅसिझुमॅबचा एकच डोस देऊन पाहिले तेव्हा वाहिन्यांची संख्या आणि ऊतीतला दाब दोन्ही उतरले. सहा रुग्णांवरून नियम बांधता येत नाही हे खरे. तरी हे माणसांतले, आणि याच आजारातले, पहिले ठोस चिन्ह होते.

तिसरा आक्षेप मला पूर्ण खोडता येत नाही, आणि तो खोडू नये. गाठीला नव्या वाहिन्या लागतातच असे नाही. आतड्याचा कर्करोग यकृतात पसरतो तेव्हा काही गाठी यकृताच्या तयार वाहिन्यांनाच वेढून वाढतात, नवे काही उभारत नाहीत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांत बेव्हॅसिझुमॅब निष्प्रभ ठरत असल्याचे दिसले. म्हणजे वाहिन्या उभारण्याची सगळी चर्चा काही रुग्णांना गैरलागू आहे. पण याच गाठींचा आणखी एक गुण ध्यानात घ्यावा. ज्या गाठी यकृताच्या ऊतीत शिस्तीत शिरून तिची रचना न मोडता वाढतात, त्यांच्याभोवती प्रतिकारक पेशी तुरळक असतात; ज्या गाठींभोवती तंतूंचे कडे आणि पांढऱ्या पेशींची कडा असते, त्याच नव्या वाहिन्या उभारतात. इजा झाली, दुरुस्तीवाले आले, तिथे वाहिन्या फुटल्या. इजा झालीच नाही तिथे दोन्ही नाहीत. आक्षेप आमच्या म्हणण्याची व्याप्ती कमी करतो, पण त्याचा कणा ताठ ठेवतो.

चौथा आक्षेप व्यवहाराचा. वाहिन्या आणि प्रतिकारशक्ती एकच प्रकरण असेल तर दोन्हींवरची औषधे एकत्र दिल्यावर चमत्कार दिसायला हवा होता. एमएसआय गाठींत एकट्या पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाने रोग काबूत राहण्याचा मध्यम काळ ८.२ वरून १६.५ महिन्यांवर नेला, पण पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगात अशा गाठी शंभरात जेमतेम चार-पाच. उरलेल्यांसाठी जोडऔषधांवर भिस्त होती. २०२० मध्ये जपानमधून रेगोराफेनिब आणि निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध एकत्र देऊन अशा २४ पैकी ८ रुग्णांच्या गाठी लक्षणीय आकसल्याचे वृत्त आले आणि सगळ्यांचे डोळे चमकले. अमेरिकेत तीच जोडी ७० रुग्णांवर वापरली तर प्रमाण ७ टक्क्यांवर आले. लेनव्हॅटिनिब आणि पेम्ब्रोलिझुमॅबच्या मोठ्या चाचणीत ९.३ विरुद्ध ९.८ महिने, म्हणजे हाती काही नाही. हे अपयश आहे, त्याला सौम्य नाव देण्यात अर्थ नाही. परंतु या चाचण्यांत रुग्ण निवडताना गाठीत एसपीपी१ अवस्थेतले मॅक्रोफेज किती, टी-पेशी आत पोचल्या आहेत का, यकृतातली गाठ वाहिन्या उभारते की तयार वाहिन्यांवर जगते, यांतले काहीच पाहिले गेले नव्हते. इटलीतल्या अ‍ॅटेझोट्राइब चाचणीत केमोथेरपी आणि बेव्हॅसिझुमॅबला अ‍ॅटेझोलिझुमॅब जोडल्यावर एकूण लाभ बेताचा, ११.५ वरून १३.१ महिने, मात्र नंतरच्या विश्लेषणात ज्यांच्या गाठीत आधीच टी-पेशींची पुरेशी दाटी होती त्यांना तो अधिक मिळाल्याचे दिसले. मागाहून काढलेल्या उपगटांवर फार विसंबू नये, ही शिस्त मान्य. तरी दिशा कुठली, हे कळायला तेवढे पुरते.

भारतात हा प्रश्न निराळ्या वळणाने उभा राहतो. आपल्याकडे या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांहून कमी आहे, पण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांचे सरासरी वय पन्नाशीच्या आत, गुदाशयाचा रोग अधिक, आणि सिग्नेट रिंग या आक्रमक प्रकाराचे प्रमाण पाश्चात्त्य आकड्यांच्या कितीतरी वर. वर सांगितलेल्या चाचण्यांतले बहुसंख्य रुग्ण वयाने मोठे, बहुधा पाश्चात्त्य किंवा जपानी, आणि गाठी नेहमीच्या धाटणीच्या. तरुण वयातल्या, श्लेष्मल गाठीत दुरुस्तीच्या पेशी तशाच वागत असतील असे गृहीत धरून चालणार नाही. त्याच टाटा रुग्णालयाने तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगात मात्र एक धाडसी वाट चोखाळली आहे: वाहिन्यांच्या वाढीवर अंकुश ठेवणाऱ्या अल्पमात्रेतल्या रोजच्या गोळ्या, त्यात दाहविरोधी सेलेकॉक्सिब, आणि सोबत निव्होलुमॅबचा नेहमीच्या मानाने अगदी थोडा, २० मिलिग्रॅमचा डोस. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. कर्करोग वेगळा असल्याने हा पुरावा आतड्याला जसाच्या तसा लावता येणार नाही, आणि लाभातला किती वाटा निव्होलुमॅबचा व किती एकत्रित माऱ्याचा, हे त्या चाचणीच्या रचनेतून सुटे करता येत नाही. पण वाहिन्या, दाह आणि टी-पेशी यांना एकाच वेळी, परवडणाऱ्या दरात हात घालण्याचा हा प्रयत्न परळमध्ये झाला, आणि आतड्याच्या गाठींबाबत तसे करायचे ठरले तर सुरुवात सोपी आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींचे मेणात बसवलेले ठोकळे प्रत्येक मोठ्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात वर्षानुवर्षे जपलेले असतात. एका छेदावर वाहिन्या, दुसऱ्यावर टी-पेशी, तिसऱ्यावर एसपीपी१ अवस्थेतले मॅक्रोफेज रंगवायला नवे यंत्र लागत नाही, आणि ज्यांच्या त्या गाठी होत्या त्यांना बेव्हॅसिझुमॅब मिळाले का आणि पुढे काय झाले, याच्या नोंदी त्याच रुग्णालयाच्या दप्तरात आहेत.